कशाचीही कमी नाही

३ जून २००३, मंगळवार

मराठी! माझ्या वाट्याची चौथी मुलगी मराठी निघाली!

ट्रस्टचं काम बघणाऱ्या क्षिप्रानं पाकीट हातात दिलं, मी नाव वाचलं आणि ऑफिसात ओरडलेच – "अरे, ये तो हमारी है!" सगळ्या बायका माना वळवून बघायला लागल्या. विनया गुलाबराव साळुंखे, राहणार करोल बाग. वडिलांचा व्यवसाय – गलाई. क्षिप्राला गलाई म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मी ऐटीत सांगितलं – सोनारांचं जुनंपानं सोनं भट्टीत वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करून द्यायचं. सांगलीकडची, खानापूर-आटपाडीची माणसं देशभर हेच करतात. क्षिप्रा म्हणाली, "सोने का काम? फिर गरीब कैसे?" म्हटलं, बाई गं, सोनं गिऱ्हाइकाचं, धूर तेवढा ह्यांचा!

एकदा नीट लिहूनच ठेवते, कारण घरी श्रीपाद "नक्की करतेस काय तिथे?" असं विचारतो आणि मी त-त-प-प करते. तर – दिल्लीत एक कॉलेज आहे. तिथे मंत्र्यांच्या नि राजदूतांच्या मुली शिकतात. त्र्याण्णव टक्क्यांच्या खाली फाटकातही उभं करत नाहीत, आणि वसतिगृहाचा खर्च ऐकून बरेच जण तिथूनच परत फिरतात. त्या कॉलेजनं यंदा पहिल्यांदाच दहा जागा बाजूला काढल्यात, गरीब घरच्या मुलींसाठी. ऐंशी टक्के चालतील. राहणं, जेवण, पुस्तकं, फी – तीन वर्षं सगळं आमचा ट्रस्ट देणार. मुलाखती गेल्या आठवड्यात झाल्या. आता उरलंय ते घर बघणं. मुलगी खरंच गरीब आहे ना, हे डोळ्यांनी बघून फॉर्म भरायचा. ते काम आम्हा फुकट राबणाऱ्या बायकांचं.

न कळवता जायचं. पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. कौतुक लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं. हे नियम क्षिप्रानं आज पुन्हा एकदा म्हणून दाखवले, आणि माझ्याकडे बघून, "नीलाजी, आप बहुत इमोशनल हैं." सगळ्यांसमोर! पण रागावता येत नाही तिच्यावर. मंगळवारी मीटिंगनंतर आम्ही दोघी चहा पितो, ती तिच्या सासूची गाऱ्हाणी सांगते. आठवड्यात मी कुणाशी अर्धा तास बोलते ते तेवढंच.

ही विनया मुलाखतीत पहिली आली म्हणे. क्षिप्रा म्हणाली, "घर ठीक निकला तो समझो हो गया." ठीक म्हणजे गरीब. काय एकेक तऱ्हा!

४ जून

फोन केला. नियम मोडला. मोडला तर मोडला!

सकाळभर मनात तेच घोळत होतं. न सांगता-सवरता कुणाच्या दारात उभं राहायचं आणि घरात फ्रिज आहे का, सोफा आहे का ते बघायचं – मी काय जप्ती घेऊन आलेय? आधीच्या तीन घरांत तसंच केलं आणि तिन्ही वेळा मेल्याहून मेल्यासारखं झालं. सीमापुरीला तर ती मुलगी न्हात होती, आई कामाला गेलेली, मी आपली फॉर्म हातात धरून मोरीसमोर उभी! पुण्यात आपण सख्ख्या बहिणीकडेही कळवल्याशिवाय जात नाही.

फॉर्मवर दुकानाचा नंबर होता. "हां जी, बोलिए." मी मराठीत बोलले. मग – "ताई, तुमी आपल्याकडल्या?"

एवढंच. श्रीपादच्या नोकरीपायी पुण्याहून आल्यापासून दोन वर्षांत या गावात मला 'आपल्याकडली' कुणी म्हटलं नव्हतं.

रविवारी येते म्हणाले. काही करू नका हं, म्हणाले. "आवो, आमी काय करनार," गुलाबराव म्हणाले.

६ जून

श्रीपाद सिंगापूरला. दहा दिवस. बॅग भरताना विचारलं, "तुला काय आणू?" म्हटलं, बोलायला माणूस आण एखादं. हसला. त्याला विनोद वाटला.

८ जून, रविवार

कुठून लिहू! ऊर भरून आलाय, पोट भरलंय, डोळे सुजलेत.

सकाळी निघाले. धौला कुआँपर्यंत बस, पुढे रिक्षा. ऊन असं की रिक्षाच्या दांडीला हात लावता येईना. विनया गल्लीच्या तोंडाशी उभी होती. बारीक, सावळी, दोन वेण्या. "नमस्ते आंटी – म्हणजे नमस्कार." आणि स्वतःच लाजली. खाली भट्टीचं दुकान, तिथला वास नाकातोंडात बसतो. तिनं मला भराभर जिन्यानं वर नेलं.

वर खोली अशी स्वच्छ! लाल रेक्झिनचा सोफा, कोपऱ्यात फ्रिज, टीव्हीवर विणलेला रुमाल. सुरेखाबाई – विनयाची आई – डोक्यावरून पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात सोन्याच्या दोन पाटल्या. "या बसा की वो ताई. लई लांबनं आला." गुलाबराव पांढरा सदरा-लेंगा घालून दाराशी उभे. बसाच म्हणाले तरी बसेनात. हाताची बोटं तेजाबानं पिवळी पडलेली, ती मागे लपवत होते.

आणि जेवण! पुरणपोळी, कटाची आमटी, तळलेल्या कुरडया. त्रेचाळीस डिग्रीत त्या माऊलीनं पुरण वाटलं होतं! पाण्यापलीकडे काही घ्यायचं नाही हा नियम मला पोळीवर तूप पडल्यावर आठवला. दोन खाल्ल्या. तिसरी अर्धी. चमचा कुठल्या खणात आहे तेच सुरेखाबाईंना सापडेना, चार खण उघडले. मी म्हटलं, माझंही अस्संच होतं! फ्रिजमधलं पाणी कोमट होतं – लाइट गेली होती म्हणे.

विनयाला गणित घ्यायचंय. बोलते अर्धं हिंदी, अर्धं मराठी. "आंटी, गणितात ना, कोणी तुम्हाला असं नाही विचारत की तुम्ही कुठून आलात." आईनं तिला डोळ्यांनी दटावलं. जागा नाही मिळाली तर काय, असं मी विचारलं. मग गुलाबरावांनी सांगितलं – ज्यांची भट्टी आहे त्या शेठची दागिन्यांची मोठी शोरूम आहे. एक जुलैपासून पोरीला काउंटरवर उभं करायचं म्हणतात. त्यांच्या उपकारात आहोत, नाही म्हणता येत नाही. एकदा उभी राहिली की संपलंच.

निघताना सुरेखाबाईंनी पाटावर बसवून माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. "माहेरी आला म्हना," म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर मी जी रडायला लागले ती थेट धौला कुआँपर्यंत. रिक्षावाला विचारतोय, "माताजी, कोई गुज़र गया क्या?"

९ जून

फॉर्म भरला. खरं तेच लिहिलं. फ्रिज – आहे. टीव्ही – आहे. सोफा – आहे. मास्तरणीला खोटं लिहिता येत नाही. पण खाली 'विशेष शेरा' म्हणून चार ओळींची जागा असते, तिथे मी जीव ओतला. चोवीस वर्षं शाळेत प्रगतिपुस्तकं भरलीत, कुणाला कसं पुढे काढायचं ते मला शिकवायला नको! लिहिलं – अत्यंत सुसंस्कृत, स्वाभिमानी कुटुंब. घर नीटनेटकं. आतिथ्य अपूर्व. कुणापुढे हात पसरणारी माणसं नव्हेत. कशाचीही कमी जाणवली नाही. अशा घरातली मुलगी कॉलेजची शोभा वाढवील.

हिंदीत लिहिलं, दोनदा मोठ्यांदा वाचून पाहिलं. मस्त जमलंय.

१३ जून

आज दिवसभरात एकच माणूस बोललं. खालच्या गार्डनं इंटरकॉमवर विचारलं, "ग्यारह सौ दो? पानी का टैंकर आया है, भर लीजिए." अकराशे दोन म्हणजे मी.

१५ जून, रविवार

पुष्करचा बोस्टनहून फोन. चार मिनिटं. "आई, तू बोअर होत असशील ना? जिम जॉइन कर." त्याला इंजिनीअरिंगला जागा मिळाली ती श्रीपादनं देणगी भरून, मार्कांनी नव्हे. आणि त्याच्या वेळी आमचा सोफा बघायला कुणी आलं नव्हतं. हे त्याला म्हणाले नाही. आईपणाच्या काही मर्यादा असतात.

१७ जून, मंगळवार

मी गाढव. मी शंभर गाढवांची एक गाढव!

आज यादी केली. विनयाचं नाव आलं तशी क्षिप्रानं लाल पेननं रेघ मारली. मी उभीच राहिले. अहो, पहिली आलेली मुलगी! क्षिप्रा शांतपणे माझाच फॉर्म वाचायला लागली. "फ्रिज है. सोफा है. माँ के हाथ में सोने के कंगन." – हो, पाटल्या पण लिहिल्या होत्या मी! – "और नीलाजी, आपने खुद लिखा है, किसी चीज़ की कमी नहीं. तो हम क्या दें उन्हें?"

म्हटलं, अहो, ते कौतुकानं लिहितात तसं! आमच्यात म्हणायची पद्धत असते, घरात हलाखी असली तरी चारचौघांत 'कशाची कमी नाही' म्हणायचं! ती म्हणाली, "यहाँ चार सौ लड़कियाँ हैं जिनके घर में सच में कमी है." खरंच होतं.

चहा न पिता घरी आले. करायला गेले गणपती नि झाला मारुती. त्या पोरीला प्रगतिपुस्तकात पहिला नंबर देऊन मीच नापास केलं.

१८ जून

आज न कळवता गेले. निदान तोंडानं माफी तरी मागावी म्हणून.

गल्लीत कुणी नव्हतं. जिना चढून वर गेले, दार वाजवलं. एका पंजाबी म्हाताऱ्या बाईनं उघडलं. मागे तोच लाल सोफा, तोच फ्रिज, टीव्हीवर तोच रुमाल. "साळुंखे? वो तो नीचे रहते हैं जी, भट्टी के पीछे. उस दिन मेहमान आने थे, तो मैंने कमरा दे दिया था."

ती खोलीच त्यांची नव्हती. अगं बाई, ती खोलीच त्यांची नव्हती!

खाली भट्टीमागे एक पडदा, पडद्यामागे हे तिघं. दोन ट्रंका, एक स्टोव्ह, पंखा टेबलावरचा. खिडकी नाही. सुरेखाबाई धगीत भाकऱ्या थापत बसलेल्या, हातात काचेच्या बांगड्या. पाटल्यासुद्धा त्या म्हातारीच्याच होत्या. मला बघून बाई अशा ताडकन उठल्या आणि पदरानं ट्रंक पुसायला लागल्या, मी बसावं म्हणून. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि त्यांना त्याहून जास्त.

सगळं सांगितलं. फॉर्म, शेरा, लाल रेघ. सुरेखाबाईंना कळेचना. "आवो, पावनं येनार म्हनल्यावर शेजाऱ्याचं आनतोच की आपन. त्यात काय खोटं? तुमाला भुईवर बसवायचं व्हतं का?" गुलाबराव खोकला आला म्हणून बाहेर गेले ते आलेच नाहीत.

विनया मात्र पुस्तक हातात घेऊनच पुढे आली. "आंटी, तुम्ही सांगायचं होतं ना, की गरीब दिसायचंय. आम्हाला कसं माहीत पडणार? मी तर आईला बोलली, सोफा थोडा इकडे सरकव, जास्त चांगला दिसेल." आणि मग त्या पोरीनं पुस्तकात डोकं घातलं ते वर केलंच नाही. पान उलटत नव्हती, नुसतीच बसली होती.

हे सगळं माझ्या एका फोनमुळे. मी नियम पाळला असता, तर पडद्यामागचंच घर बघितलं असतं. सभ्यपणाचा एवढा पुळका! खरं सांगू? सभ्यपणा कसला. मला मराठी बोलायचं होतं. मला पाहुणी व्हायचं होतं.

१९ जून

क्षिप्राला फोन करून आडून विचारलं – समजा, एखाद्या घरानं उसनं सामान आणून मांडलं असेल तर? ती पटकन म्हणाली, "तो वो धोखा है. सीधे बाहर." कायमचं. पुढच्या वर्षीही अर्ज नाही.

म्हणजे खरं सांगितलं तर ती लबाड, आणि गप्प बसले तर सुखवस्तू. दोन्हीकडून पोरगी बाहेर!

श्रीपादला सिंगापूरला फोन केला... नाही, तो आता बंगळूरला आहे. सगळं ऐकून म्हणाला, "नीला, या लष्कराच्या भाकऱ्या तुला सांगितल्यात कुणी?" म्हटलं, मला दुसऱ्या भाकऱ्या भाजायलाच नाहीत. दोन महिने झाले, तू घरी जेवला नाहीस. तर म्हणाला, मीटिंग आहे, नंतर बोलू.

दुपारभर खिडकीशी बसले. समोर तिसरा टॉवर उभा राहतोय. कसला विचार केला नि कसं सुचलं देवाला ठाऊक, पण सुचलं. तिसरी वाट आहे. पण ती माझ्या अंगावरून जाते.

२० जून, शुक्रवार

झालं. करून आले.

क्षिप्राच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सांगितलं – मी साळुंख्यांकडे गेलेच नव्हते. ऊन होतं, कंटाळा आला, घरी बसून फॉर्म भरला. सोन्याचं काम म्हणजे फ्रिज-सोफा असणारच, असा अंदाज केला. शेरा मनानं लिहिला.

क्षिप्रा माझ्याकडे बघतच राहिली. "आप? नीलाजी, आप?" तिचा विश्वास बसेना, आणि मला त्याचाच इतका आनंद झाला की मी जवळजवळ खरं सांगून टाकणार होते. जिभेच्या टोकावर आलं होतं. नाही सांगितलं.

मग ती कामाच्या आवाजात बोलायला लागली. माझा फॉर्म रद्द. साळुंख्यांचं घर ती स्वतः जाऊन बघणार, कधी ते सांगणार नाही. माझी बाकीची तीन घरंही पुन्हा बघणार. बघू देत, तिथलं दारिद्र्य अस्सल आहे. आणि ट्रस्टमध्ये माझं काय ते नंतर ठरवणार. दाराशी पोचले तेव्हा मागून म्हणाली, "और मैं उनसे पूछूँगी ज़रूर, कि आप आई थीं या नहीं."

हे मला सुचलंच नव्हतं! ते 'हो' म्हणाले की संपलं. मग वरची खोली निघणार, म्हातारी निघणार, पाटल्या निघणार.

२१ जून

दुकानात फोन केला. सुरेखाबाईंना बोलावून घेतलं. म्हटलं, कुणी मॅडम कधीही येतील. जसं आहे तसंच राहू द्या, एक भांडंसुद्धा हलवू नका. आणि विचारलं तर सांगा, नीला नावाची बाई आमच्याकडे आली नव्हती. कधीच नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग – "ताई, तुमी आमच्यात जेवलाय. मी तुमची ओटी भरलीया. ओटी भरलेल्या बाईला आलीच न्हाई म्हनू? ह्ये पाप मला न्हाई जमायचं."

म्हटलं, पोरीसाठी. "पोरीसाठी म्हनून खोटं बोलायचं, तर मग कॉलेजात घालून करायचं काय?" सोफा आणला ते त्यांच्या लेखी खोटं नव्हतं, पाहुणचार होता. पाहुण्याला नाकारणं हे मात्र खोटं. आणि गंमत अशी की माझ्या आईनंही हेच म्हटलं असतं, शब्दाला शब्द.

चिडले मी. "मग उभी करा तिला काउंटरवर!" असं बोलून गेले आणि फोन आपटला. लगेच पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

२२ जून

आज पुष्करचा फोन आला नाही.

२५ जून

क्षिप्रा जाऊन आली का? कुणाला विचारू? ऑफिसला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "मैम मीटिंग में हैं." तीनदा. माझा आवाज ऐकून सांगत असेल.

मंगळवारी मीटिंगला गेले नाही. कुणी बोलावलंच नव्हतं. तरी चारला साडी बदलून बसले होते, सवयीनं. मग दोन कप चहा केला. एक ओतून दिला.

२८ जून

श्रीपाद आला. झोपलाय. सोमवारी पहाटे पुन्हा विमान. त्याला सांगितलं की मी ट्रस्टमधून बहुतेक बाहेर. "बरं झालं," म्हणाला, "तुला त्रासच होत होता." तीस वर्षं संसार केला या माणसाशी.

सोमवारी यादी लागणार, मंगळवारी एक तारीख. मंगळवारी ती पोरगी काउंटरवर उभी राहणार असेल तर मी काय करणार? तिथे जाऊन अंगठी विकत घेऊ? देवा, काहीही कर, पण माझ्या हातून तिचं वाटोळं नको. मी एवढं तुला कधी काही मागितलं नाही. पुष्करसाठीही नाही.

३० जून, सोमवार

क्षिप्राचा फोन.

विनयाला जागा मिळाली.

घर पाहिलं म्हणाली, पडद्यामागचं. पुढे म्हणाली, "सच कहूँ? मैं सोच रही थी, आप झूठ बोल रही हैं, उन्हें बचाने के लिए. मैंने उस माँ से तीन बार पूछा. तीसरी बार उसने देवी की फोटो पर हाथ रखकर कहा – ऐसी कोई मैडम हमारे यहाँ कभी आई ही नहीं. पता नहीं क्यों, बहुत रो रही थी." म्हणून आता मला ट्रस्टमध्ये ठेवता येणार नाही. त्या घराशी कसलाही संबंध ठेवू नका, म्हणाली, मुलीच्याच भल्यासाठी. निदान ही तीन वर्षं.

म्हटलं, संबंध कसला? मी गेलेच नव्हते तिथे.